वहिवाटीची चाल

गेल्या गणेशचतुर्थीस आमची एक भाची एडिंबरोहून हिंडलग्यास आली होती. तिच्या सामानात कपड्यांहून अधिक जपून आणलेली एक काळी पेटी होती. तीत व्हायोलिन निघाले. रात्रीची आरती आटोपल्यावर मंडळींनी आग्रह केला, आणि आमच्या ओसरीवर समईच्या उजेडात तिने स्कॉटलंडातील दोन चाली वाजविल्या. पहिली संथ, शोकाची, दुसरी नाचाची. दुसरी संपते न संपते तोच कोपऱ्यात बसलेले एक म्हातारे सद्गृहस्थ म्हणाले, "अहो, ही तर पलटणीतली चाल!" मंडळी हसली, पण म्हाताऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आहे. स्कॉटिश पलटणींकडून आपल्या सैन्यात आलेला पाइप बँडचा स्वर ह्या परिसराच्या कानांस परका नाही. चाल तीच होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिचा झटका त्यांनी बरोबर ओळखला होता.

भाची व्यवसायाने वादक नाही. ती दिवसभर नोकरी करते आणि आठवड्यातून एका संध्याकाळी एका गटात जाऊन बसते. तेथे शिकविण्याची रीत अशी : शिकविणारा चालीचा एक तुकडा वाजवितो, सारे तो परत वाजवितात. मग दुसरा तुकडा, मग दोन्ही जोडून. समोर कागद नसतो. चाल हाताखाली बसली म्हणजे मगच स्वरलेखन हाती मिळते, तेही घरी विसर पडू नये एवढ्यासाठी. गटात विशीतील विद्यार्थी असतात आणि सत्तरीचे पेन्शनरही असतात. ज्याला सगळी चाल येत नाही त्याने येईल तेवढीच वाजवावी, बाकीच्या वेळी गज उचलून ऐकावे. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

हे ऐकून आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी एकच प्रश्न केला : "मग हे आपल्या भजनासारखेच की! त्यात नवीन ते काय?" प्रश्न साधा होता, पण त्यानेच आम्हांस हा लेख लिहावयास लावले. कारण भजन असे शिकत असत हे खरे. आज तसे शिकतात काय, ह्याचे उत्तर देताना आमची जीभ अडखळली.

प्रथम त्या वादनाविषयी लिहितो. ऐकल्यावाचून टीका करू नये. भाचीने वाजविलेली शोकाची चाल नील गो ह्या वादकाने आपल्या दुसऱ्या पत्नीच्या निधनानंतर रचलेली. नील गो (१७२७–१८०७) हा पर्थशायरमधील इन्व्हर गावचा. अथोलच्या ड्यूकचा त्याला आश्रय होता, आणि १७८७ साली कवी रॉबर्ट बर्न्स त्याला जाऊन भेटला होता. ही चाल भाचीने उत्तम वाजविली. लांब स्वरांवर गज कोठे थरथरला नाही, आणि दुःखाचे प्रदर्शन झाले नाही.

नाचाची चाल होती ती 'स्ट्रॅथस्पे' ह्या जातीची. हिचे लक्षण आपल्या वाचकांस वृत्तांच्या भाषेत सांगता येईल. लघूनंतर गुरू यावा, पण आघात मात्र गुरूवर न पडता लघूवर पडावा, आणि गुरूवर स्वराने विसावा घ्यावा. तो लघू नेमका तुटला तर पाय आपोआप उचलतो. तो लांबला की सारी चाल लंगडी होते. भाचीचे लघू निम्म्या ठिकाणी लांबले. तिच्या गटाचे ध्वनिमुद्रणही आम्ही ऐकले. संथ चालींत ते वीस-पंचवीस गज एका श्वासाने चालल्यासारखे भासतात. जलद 'रील' मात्र गढूळ होते, कडा उरत नाहीत. सगळ्यांना बरोबर नेण्यासाठी चाल थोडी सपाट करावी लागली आहे, हे कानाला कळते.

आणि हा दोष ह्या एका गटाचा नव्हे. स्कॉटलंडमध्ये एकत्र बसून फिडल वाजविण्याच्या मंडळ्या जुन्या आहेत. एडिंबरोची हायलँड रील अँड स्ट्रॅथस्पे सोसायटी १८८१ साली स्थापन झाली. नाचघरातील जुनी चाल मागे पडू नये हा हेतू चांगला होता. पण अनेक वादक समोर कागद ठेवून एकच चाल एकाच पद्धतीने वाजवू लागले की चाल टिकते आणि गज मरतो. नील गोची कीर्ती त्याच्या वर जाणाऱ्या गजाच्या जोरासाठी होती. पुढे जेम्स स्कॉट स्किनर (१८४३–१९२७) ह्याने शेकडो चाली रचल्या व विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची ध्वनिमुद्रणेही केली. ती ऐकली म्हणजे समजते की कागदावरचे स्वर हा चालीचा सांगाडा आहे. तिचा जीव गजात आहे. सांगाडा पोस्टाने पाठविता येतो. जीव मात्र शेजारी बसूनच घ्यावा लागतो.

हे ओळखणारा माणूस शेटलँड बेटांवर निघाला. टॉम अँडरसन (१९१०–१९९१) ह्याने बेटांवरील म्हाताऱ्या वादकांच्या घरी जाऊन चाली गोळा केल्या, त्या मुलांना स्वतः वाजवून शिकविल्या, आणि पुढे शाळांतून फिडलचे शिक्षण सुरू होण्यास हातभार लावला. जगभर नाव मिळविलेला ॲली बेन हा त्याचाच शिष्य. १९८१ साली बारा ह्या लहानशा बेटावर मुलांना गेलिक भाषेसह पारंपरिक संगीत शिकविणारा जो 'फेश' भरला, त्यातून पुढे गावोगावी तसे मेळावे उभे राहिले. सारांश, ह्या लोकांनी आपली चूक पाहिली आणि कागद दुय्यम केला. भाचीच्या गटात स्वरलेखन शेवटी मिळते त्यामागे हा अनुभव आहे.

आता आपल्याकडे वळू. व्हायोलिन आपल्याला नवे नाही. मद्रासच्या बाजूस बालुस्वामी दीक्षितरांनी ते युरोपियनांकडून उचलून कर्नाटक संगीतात बसविले. त्यांचे वडील बंधू मुथुस्वामी दीक्षितर ह्यांनी युरोपीय चालींवर सुमारे चाळीस संस्कृत स्तुतिपदे रचली. इंग्लंडच्या राजगीताच्या चालीवरचे 'संततं पाहि माम्' त्यांतलेच. सैनिकी बँडच्या चालीने देवीची स्तुती करताना त्या परम कर्मठ उपासकास संकोच वाटला नाही, हे आपल्यातील 'परके, परके' म्हणून कान झाकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. त्याच काळी तंजावरास आपले मराठे राज्य करीत होते आणि सरफोजी दुसरे (१७७७–१८३२) ह्यांच्या पदरी पाश्चात्य वाद्यांचा ताफा होता.

गोमंतकाची गोष्ट तर आपल्या कोंकणी वाचकांस सांगावयास नको. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून ख्रिस्ती मुलांना स्वरलेखनासह व्हायोलिन शिकविले गेले. मांडोच्या साथीला घुमटाबरोबर तेच वाजले, आणि त्या शाळांत तयार झालेल्या हातांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. हिंदुस्थानी बैठकीत गजाननराव जोशी (१९११–१९८७) आणि गोमंतकाचे श्रीधर पार्सेकर ह्यांनी गायकीचे सारे आर्जव ह्या चार तारांतून काढून दाखविले. परंतु ह्या सगळ्या वैभवात एक गोष्ट झाली नाही. हिंदू समाजात व्हायोलिन गुणवंतांचे राहिले. गावाचे झाले नाही. दिवसभर कचेरीत लिहिणारा कारकून संध्याकाळी शेजाऱ्याच्या ओसरीवर चौघांबरोबर ते घेऊन बसतो, असे आम्ही पाहिलेले नाही.

ह्याची खंत करण्याचे कारण नाही, कारण तेच काम आपल्याकडे टाळ, पखवाज आणि कंठ करीत आले. भजनी मंडळ ही आपली फिडल-मंडळी. बुवाने चरण म्हणावा, मंडळीने तो उचलावा. मुलाने प्रथम टाळ धरावा, मग ध्रुपद उचलावे, मग एखाद्या वर्षी कोणी खोकल्याने बसला म्हणजे एकट्याने अभंग घ्यावा. वास्कोच्या श्रीदामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन पाळीपाळीने चालते, ते एकट्या गुणवंताच्या बळावर नव्हे. पाळीला उभे राहणारी सामान्य माणसे तयार आहेत म्हणून ते चालते.

तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. भाचीला भजनाची एक चाल शिकावयाची होती. आम्ही तिला एका वृद्ध बुवांकडे नेले. त्यांनी एक अभंग तीन वेळा म्हटला आणि तिसरा चरण तिन्ही वेळा निराळा घेतला. भाची गोंधळली. म्हणाली, "आजोबा, ह्यातली बरोबर कुठली?" बुवा म्हणाले, "पोरी, ज्या दिवशी जी आली ती." मग थोडे थांबून म्हणाले, "पण ती यायला चार माणसं पुढं बसलेली लागतात. आता कोण बसतंय?"

त्या संध्याकाळी आम्ही आमच्या परिचयाच्या एका देवळात गेलो. ज्या वेळी पूर्वी भजन उभे राही त्या वेळी ध्वनिवर्धकावर मुद्रित भजन लागले होते. गाणारा नामवंत, आवाज गोड, तालात रतीभर चूक नाही. सभामंडपात आमच्यासकट सातजण होते आणि सातहीजण मुके होते. टाळ खुंटीवर होते. उत्सवाच्या दिवसांत मात्र भजन होते, कारण तेव्हा स्पर्धा असते. स्पर्धेचे भजन आम्ही ऐकले आहे. पेटीवाला ध्वनिक्षेपकाजवळ बसतो, एकटा गातो. मागचे बाराजण एका वेशात बसून ठरलेल्या जागी ठरलेला तुकडा उचलतात. तयारी कौतुक करण्याजोगी असते. परंतु तिसरा चरण तिन्ही वेळा तंतोतंत सारखाच येतो. एडिंबरोच्या रीलमध्ये आम्हांस जो सपाटपणा दिसला तोच हा. फरक एवढाच की तो तेथे कागदाने आणला आणि येथे बक्षिसाने.

कोणी म्हणेल, चाली लिहून ठेवा म्हणजे झाले. लेखनाचा आम्ही अव्हेर करीत नाही. आमच्याच धंद्यातले विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) ह्यांनी वकिली सोडून शेकडो चिजा लिहून काढल्या. शेजारच्या कुरुंदवाडात जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) ह्यांनी १९०१ साली लाहोरास विद्यालय काढून संगीत वर्गात शिकविले. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण लिहिलेली चाल म्हणजे दस्तऐवज, आणि दस्तऐवज पेटीत आहे म्हणून जमीन कसली जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भजन ही भक्ती आहे, मैफल नव्हे. तेथे चालीची चिकित्सा कशाला? देव भावाचा भुकेला, हे आम्हांस मान्य. परंतु भाव ज्याचा त्याने द्यावयाचा असतो. मुद्रित भजनातला भाव गाणाऱ्याचा. सभामंडपात बसलेल्या सातजणांनी देवाला काय दिले? नैवेद्य घरी शिजवावा, बाजारातून आणलेला चालतो पण ते अडचणीच्या दिवशी, असे आपल्या आया सांगत. स्वराच्या नैवेद्याला तोच नियम का नसावा?

वकिलाच्या लेखणीतून कायदा सुटत नाही, म्हणून शेवटी एक दाखला देतो. दुसऱ्याच्या शेतातून जाण्यायेण्याची वाट वीस वर्षे उघडपणे, हक्काने व अखंड वापरली तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे तो हक्क पक्का होतो. त्याच कायद्याची दुसरी बाजू पक्षकार विसरतात : अखंड वीस वर्षे वापर बंद राहिला तर हक्क बुडतो. कोणी तो काढून घेत नाही, कोणी फिर्याद लावीत नाही. गवत वाढते आणि वाट बुजते. चालीचा हक्क असाच वहिवाटीचा आहे. शेटलँडच्या लोकांनी गवत गुडघ्यापर्यंत आले असता विळा हाती घेतला. आमच्या बुवांच्या चालींवरील गवत किती वाढले आहे ते ज्याने त्याने आपल्या देवळात जाऊन पाहावे.

त्यासाठी हिंडलग्याच्या मुलांनी स्ट्रॅथस्पे शिकावी असे आमचे म्हणणे नाही. शिकली तर आनंदच आहे. शिकावयाची ती त्यांची रीत : आठवड्याची एक ठरलेली संध्याकाळ, समोर कागद नाही, ध्वनिवर्धक बंद, जो चुकेल त्याला हसू नये, आणि येईल तेवढे प्रत्येकाने म्हणावे.

भाची परत जाण्यापूर्वी दोन गुरुवार बुवांच्या ओसरीवर बसली. पहिल्या गुरुवारी ती व आम्ही असे दोघेच होतो. दुसऱ्या गुरुवारी शेजारची तीन मुले, व्हायोलिन पाहावयास म्हणून, आली. बुवांनी त्यांच्या हाती टाळ दिले. मुलांचा ताल चुकत होता. बुवांनी तिसरा चरण पुन्हा एकदा निराळा घेतला.