'खल्लास'चे मूळ घर

मीरा रोडच्या नया नगरात गल्लीत क्रिकेट खेळणारी मुले फलंदाज बाद झाला की ओरडतात, 'खल्लास!' मगरिबनंतर तीच मुले सूरह इख्लास पाठ म्हणतात. या दोन शब्दांचे नाते त्यांना सहसा कुणी सांगत नाही.

दोन्ही शब्द अरबीतील ख-ल-स या एकाच धातूपासून झाले आहेत. मोकळे होणे, निर्भेळ होणे हा त्याचा अर्थ. म्हणून 'खालिस' म्हणजे शुद्ध, 'इख्लास' म्हणजे निष्कपट भाव आणि 'खलास' म्हणजे सुटका. इंग्रजांनी १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य 'खालसा' केले, तो शब्दही याच घराण्यातला.

मराठीने 'खलास' घेतला तो 'संपले' या अर्थाने. पीठ खलास, पैसे खलास. आखाती देशांतला अरबही 'पुरे, झाले' एवढ्याच अर्थाने 'खलास' म्हणतो. मुंबईच्या रस्त्याने 'ल'वर जोर देऊन त्याचा 'खल्लास' केला आणि माणूस मारण्यालाही तोच शब्द लावला. २००२ च्या 'कंपनी' चित्रपटातील गाण्याने तो घरोघरी नेला. सुटकेचा शब्द असा खुनाचा झाला.

तक्रार या शब्दाविषयी नाही. रस्त्याची भाषा साहित्यात यायलाच हवी. भाऊ पाध्ये यांनी १९६५ मध्ये 'वासूनाका'त ती आणली. आचार्य अत्रे यांनी त्यावर कडाडून टीका केली, तरी पुस्तक टिकले. कारण ती भाषा नाक्यावरच्या पोरांची होती. त्यांच्या जगण्यातून आली होती.

आज मात्र कथेत मुस्लिम पात्र आले की लगेच त्याच्या तोंडी 'खल्लास' येतो आणि मोडकी हिंदी येते. जणू ही त्याची मातृभाषाच! कोकणातला मुसलमान घरात कोकणी-मराठी बोलतो, हे लेखकाच्या कानी पडत नाही. दुःख असे की आपल्यातलेही काही लेखक हाच सोपा रस्ता धरतात. शब्द अरबी म्हणून माणूस गुंड ठरत नाही, आणि गुंडाची बोली ही कुणा जमातीची बोली नसते.

तेव्हा पात्राच्या तोंडी 'खल्लास' घालण्याआधी लेखकाने त्याच्या घरात डोकवावे. तिथे त्याची आई म्हणत असेल, "पीठ खलास झालं, बाबा. येताना घेऊन ये." खरी कथा तिथून सुरू होते.