कादंबरींतील ‘मी’

कथा कोण सांगतो, हा प्रश्न आमच्याकडील वाचक सहसा विचारीत नाहीं. कथेंत काय घडलें एवढें कळलें म्हणजे त्याचें समाधान होतें. परंतु सांगणारा बदलला कीं गोष्टही बदलते, आणि कांहीं कथांत तर सांगण्यावांचून सांगणाऱ्यास स्वत्वच लाभत नाहीं. या दृष्टीनें हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी पुन्हा तपासून पाहण्याजोगी आहे.

१८९० मध्यें हरिभाऊंनीं काढलेल्या ‘करमणूक’ पत्रांतून ती क्रमशः प्रसिद्ध झाली व १८९३ मध्यें पुस्तकरूपानें निघाली. बालपण, विवाह, मुंबईंतील थोडक्या दिवसांचें सुख, वैधव्य व सक्तीचें केशवपन ही सारी हकीकत यमू स्वतः सांगते. तत्पूर्वीं १८५७ मध्यें बाबा पदमनजींनीं ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचीं दुःखें मांडलीं होतीं. पण त्या विधवा वाचकास वाटेंत भेटतात आणि मागें राहतात. त्यांची कींव येते, ओळख होत नाहीं. यमूची गोष्ट निराळी. तिची वाट आपण तिच्याच डोळ्यांनीं चालत असतों.

येथें एकाच नांवाच्या दोन स्त्रिया आहेत, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. एक जगणारी यमू, दुसरी आठवणारी. पहिलीस उद्यांची खबर नाहीं. दुसरीस सर्व ठाऊक आहे. म्हणूनच मुंबईच्या बिऱ्हाडाचें हंसतेंखेळतें वर्णन वाचतांनाही मन चरकतें. जिच्या केसांवरही दुसऱ्यांची सत्ता चालली, तिच्या मालकीची एकच वस्तु उरली: आपली गोष्ट आपल्या तोंडानें सांगण्याचा अधिकार. त्या अधिकारानेंच यमू ‘कोणाची तरी सून’ न राहतां यमू होते.

यावर कोणी म्हणेल, हा ‘मी’च खोटा, लिहिणारा तर पुरुष! परंतु लेखक व निवेदक एक नव्हेत, हा साहित्यविचाराचा पहिला धडा आहे. यमूस जें दिसलें असतें तेवढेंच ती पाहते कीं नाहीं, ही खरी कसोटी. आणि तीस हें पुस्तक बहुतांशीं उतरतें. जेथें तिचें बोलणें सुधारकाच्या व्याख्यानासारखें लांबत जातें, तेथें मात्र हरिभाऊ तिच्या पदराआडून बोलूं लागतात आणि तेवढा वेळ यमू नाहींशी होते.

ज्या ‘मी’च्या खरेपणाविषयीं शंका नाहीं, तोही रचलेलाच असतो. न्यायमूर्ति रानड्यांच्या निधनानंतर रमाबाईंनीं १९१० मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचें नांव ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ असें आहे. ‘माझ्या’ म्हणावयाचें तेथें ‘आमच्या’ म्हटलें, आणि त्या एका सर्वनामानें आठवणी कोणाभोंवतीं गुंफावयाच्या हें ठरून गेलें. काय सांगावें व काय गाळावें, हें निवडतांना रमाबाईही स्वतःचें एक चित्र रेखाटीतच होत्या.

यमूची कथा केवळ एका दुष्ट रूढीचा पुरावा म्हणून वाचणारे, रूढीबरोबर पुस्तकही संपलें असें समजतात. तें आम्हांस मान्य नाहीं. केशवपनाची चाल मागें पडली. परंतु ज्यांची गोष्ट नेहमीं दुसरेच सांगतात अशीं माणसें अजून घरोघर आहेत. त्यांनीं ‘मी’ म्हणून तोंड उघडलें म्हणजे काय होतें, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें यमूचें म्हणणें आतां तरी लक्षांत घ्यावें.