पाचशे पौंड आले कुठून?

व्हर्जिनिया वुल्फच्या ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ (१९२९) मधली खोली आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते. वर्षाचे पाचशे पौंडही आठवतात. ते आले कुठून, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. निवेदिकेची आत्या मुंबईत हवा खायला घोड्यावरून निघाली, पडली आणि गेली. तिच्या मृत्युपत्रातून ही मिळकत आली. वुल्फला खऱ्या आत्याकडूनही वारसा मिळाला होता, पण ती मुंबईत वारली नव्हती. म्हणजे मुंबई लेखिकेनं स्वतःहून घातली आहे. बाईच्या स्वातंत्र्याचा पैसा साम्राज्याच्या बंदरातून येतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं ते एका वाक्यात सांगितलं आणि ती पुढे गेली.

विसाव्या शतकाच्या आरंभीची इंग्रजी कादंबरी मला या एका वाक्यासारखी वाटते. ‘मी कोण?’ हा प्रश्न तिथली बाई पहिल्यांदाच इतक्या मोकळेपणी विचारते; त्या मोकळेपणाची किंमत दुसरं कुणी मोजत असतं. लेखकाला हे किती दिसलं आणि त्यानं ते पानावर किती येऊ दिलं, यावर त्या पुस्तकाचा कस ठरतो.

कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मध्ये (१८९९) निवेदक मार्लोला काँगोतली नोकरी मिळते ती मावशीच्या वशिल्यानं, पण काँगोत काय चाललंय हे बायकांना कळू द्यायचं नाही, असा त्याचा खाक्या. तिथे मेलेल्या कुर्ट्झ या कंपनीच्या माणसाच्या वाग्दत्त वधूला तो शेवटी खोटं सांगतो. नदीकाठच्या आफ्रिकन स्त्रीला तर कॉनरॅड एकही शब्द देत नाही.

खरी गंमत रबराची आहे. फॉर्स्टरच्या ‘हॉवर्ड्स एंड’मधला (१९१०) हेन्री विल्कॉक्स पश्चिम आफ्रिकेच्या रबरावर श्रीमंत झालेला, सुसंस्कृत मार्गारेट त्याच्याशी लग्न करते, त्याच्या कचेरीतले आफ्रिकेचे नकाशेही पाहते. वुल्फच्या पहिल्या कादंबरीत, ‘द व्हॉयेज आउट’मध्ये (१९१५), चोवीस वर्षांची रेचेल वडिलांच्या जहाजातून दक्षिण अमेरिकेला निघते. त्यांची जहाजं ॲमेझॉनकडे माल नेतात आणि येताना रबर आणतात. १९१२ साली ब्रिटिश वकील रॉजर केसमेंटचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या पुतुमायोचा अहवाल लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता. तिथल्या आदिवासींना रबरासाठी कसं छळलं जात होतं, याची त्यात नोंद होती आणि तिथली रबर कंपनी लंडनमध्येच नोंदवलेली होती. वुल्फची कादंबरी याबद्दल अवाक्षर काढत नाही. पण त्याच जहाजावर साम्राज्याचे गोडवे गाणारा रिचर्ड डॅलोवे रेचेलचं अवचित चुंबन घेतो आणि ती रात्रभर दुःस्वप्नांत तळमळते. घर आणि साम्राज्य दोन्हीकडे मालकी कुणाची, हे वुल्फनं भाषणाशिवाय दाखवलं.

पुढे ही मंडळी नदीतून वर एका गावात जातात. झाडाखाली बायका काम करत बसलेल्या. त्या मान वर करतात आणि पाहत राहतात. एक जण बाळाला पाजता पाजता नजर हटवत नाही. मग त्यांचं पाहणं थांबतं, त्या आपल्या कामाला लागतात, आणि पाहुण्यांना कसंसंच होतं. प्रेमात पडलेल्या रेचेलला आपण क्षुल्लक वाटू लागतो. थोड्याच दिवसांत ती तापानं मरते. सबंध कादंबरीत हे प्रकरण मला सर्वांत धीट वाटतं: इथे पाहण्याचा हक्क उलटा फिरतो. पण त्या बायकांना काय वाटलं, तिथपर्यंत वुल्फची लेखणी जात नाही.

कॅथरीन मॅन्सफील्ड वेलिंग्टनमध्ये जन्मली आणि लंडनमध्ये वसाहतीतली म्हणूनच राहिली. म्हणून असेल, पण तिचा विनोद अधिक बोचरा. ‘द डॉटर्स ऑफ द लेट कर्नल’ (१९२१) या कथेत बाप मेला तरी त्याच्या खोलीतल्या वस्तूंना हात लावायची दोन प्रौढ मुलींना हिंमत होत नाही. आई सिलोनमध्ये पूर्वीच वारलेली, भाऊ अजून तिथेच. बापाचं घड्याळ भावाला पाठवायचं, तर दोघींच्या डोळ्यांसमोर पार्सल घेऊन शेतांतून जिवाच्या आकांतानं धावणारा काळा हरकारा येतो. साम्राज्य यांच्यासाठी एवढंच: न पोचण्याच्या भीतीचं एक पार्सल. इतक्या कमी जागेत एवढं काम फॉर्स्टरलाही जमलेलं नाही. ‘अ पॅसेज टु इंडिया’त (१९२४) ॲडेला ही इंग्रज तरुणी भर कोर्टात अझीझवरचा आरोप मागे घेते, तो प्रसंग थोर आहेच, पण अझीझ सुटेपर्यंत अन्न न घेण्याची शपथ घेणाऱ्या पडद्यातल्या मुसलमान बायका ओझरत्या उल्लेखात आटोपतात.

समीक्षेनं हे सगळं उशिरा वाचलं. नायजेरियन कादंबरीकार अचेबेंचं कॉनरॅडवरचं व्याख्यान १९७५चं, गायत्री स्पिवाक यांचा स्त्रिया आणि साम्राज्यवाद यांवरचा गाजलेला निबंध १९८५चा. आता गाडी दुसऱ्या टोकाला गेली आहे. पुस्तकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं की मॅन्सफील्डचं हसू ऐकूच येत नाही. मराठीत मॉडर्निझमचा हा संप्रदाय मुख्यतः संज्ञाप्रवाहाच्या वाटेनं आला, मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’पाशी (१९४२) थांबून त्याची चर्चा झाली. तंत्र आलं, रबर बंदरावरच राहिलं.

आणि नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी? पुण्यात शिकून १८८९ साली ऑक्सफर्डला गेलेल्या या पारशी-ख्रिस्ती बाईचा पडदानशीन स्त्रियांवरचा कथासंग्रह १९०१ साली लंडनमध्ये निघाला. पुढे वकिलीच्या कामात ती अशा कितीतरी स्त्रियांच्या जनानखान्यात वावरली. पण ती साम्राज्याची कट्टर पाठीराखी. गांधींवर टीका करणारी, भारतावर झोड उठवणाऱ्या कॅथरीन मेयोची बाजू घेणारी. त्यामुळे ती राष्ट्रवाद्यांना नको आणि मॉडर्निझमवाल्यांनाही नको. तिच्या कथा जुन्या वळणाच्या आहेत, हे खरं. तरी त्या वगळून या काळाचा हिशेब मांडला, तर पडद्यामागची बाई फॉर्स्टरच्या त्या ओझरत्या उल्लेखातच राहते.