कृपादानाचे कारभारी : टिळक दांपत्याच्या वाङ्मयासंबंधी

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे नाव उच्चारताच मराठी वाचकाला ‘फुलामुलांचे कवी’ आठवतात. शाळेच्या क्रमिक पुस्तकात त्यांची ओळख होते आणि बहुतेकांच्या बाबतीत ती तिथेच थांबते. ख्रिस्ती मंडळीसाठी त्यांनी रचलेल्या शेकडो भजनांविषयी व अभंगांविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. कोणी बोललेच, तर ‘धर्मकार्याच्या पायी एक चांगला कवी हातचा गेला’ असा हळहळीचा सूर निघतो. हा आक्षेप कितपत खरा आहे, याचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आक्षेपाच्या मुळाशी एक गृहीत आहे : प्रतिभा ही कवीची खाजगी मिळकत, आणि ती दुसऱ्याच्या कामी लावणे म्हणजे तिचे मोल कमी करणे. टिळकांनी स्वीकारलेल्या ख्रिस्ती विचारात हे गृहीतच मान्य नाही. तेथे ‘कृपादान’ असा शब्द आहे. करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल सांगतो की, दाने निरनिराळी असली तरी ती देणारा आत्मा एकच आहे आणि प्रत्येकाला मिळालेले दान सर्वांच्या हितासाठी आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात, ज्याला दान मिळाले त्याला कारभारी म्हटले आहे. ही उपमा आम्हां कारकुनांना चटकन पटावी. निधीचा हिशेब आपल्या हाती असतो, निधी आपला नसतो. तो मंजूर कामी खर्ची पडला की नाही, एवढेच शेवटी विचारले जाते. आणि मार्चअखेरपर्यंत जो खर्चला नाही, तो परत जातो.

मराठीत असे कारभारी टिळकांच्या आधीही होऊन गेले. गोमंतकात आलेल्या इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती लोकांसाठी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. ज्यांच्या संस्कृत विद्वत्तेला कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये मान दिला, त्यांनी उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे भाषांतर केले ते अगदी सोप्या मराठीत, केडगावच्या मुक्तिसदनातील अल्पशिक्षित स्त्रियांनाही कळावे म्हणून. विदुषीने आपली विद्वत्ता शब्दांत दिसू नये म्हणून झटावे, यापरते दानाचे मोठे उदाहरण कोणते?

टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मराठी ख्रिस्ती उपासनेत परक्या चालींवर बसविलेली भाषांतरित गीते बरीच होती. त्यांत शब्द मराठी असत, पण मराठी मनाचा श्वास नसे. टिळकांनी तुकोबांच्या परंपरेतला अभंग हाती घेतला, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती मंडळीत रुजविले, आणि वारकऱ्याच्या तोंडची भाषा ख्रिस्तासमोर उभी केली. एका दृष्टीने हा कवीचा त्यागच होता. स्वतंत्र कवितेत कवीला स्वतःचा आवाज ऐकू येतो. समूहाने गावयाच्या गीतात तो आवाज दहाजणांच्या गळ्यात विरघळून जावा लागतो.

बोम्मसंद्र्याला बदली होऊन आल्यावर याचा एक लहानसा प्रत्यय आला. येथील कारखान्यांच्या वस्तीत कन्नड, तमिळ, तेलुगू सतत कानांवर पडते. मराठी मात्र क्वचितच. शेजारच्या बिऱ्हाडी नगर जिल्ह्यातील एक ख्रिस्ती आजी मुलाकडे राहावयास आल्या होत्या. एका सकाळी तांदूळ निवडता निवडता त्या एक अभंग गुणगुणत होत्या. मी म्हटले, “आजी, हा टिळकांचा ना?” त्या हसून म्हणाल्या, “कुणाचा ते ठाऊक नाही बाबा. आमच्या मंडळीचा आहे.” मला वाटते, टिळकांना याहून मोठी पावती देता आली नसती. दान ज्याला पोहोचले, त्याने ते आपलेच मानावे आणि देणाऱ्याचे नाव गळून पडावे, यातच कारभाऱ्याचा हिशेब पुरा होतो.

मात्र टिळकांच्या सगळ्याच धार्मिक रचनेची वकिली करण्याचे कारण नाही. त्यांच्या पुष्कळ पदांत उपदेश पुढे सरकतो आणि अनुभव मागे राहतो. तेथे समीक्षकांची तक्रार खरी आहे. पण तिचे कारण वेगळे आहे. त्या जागी कवी सेवा करतो म्हणून कविता फसलेली नाही. तो सेवकाची जागा सोडून गुरूच्या आसनावर बसला, म्हणून ती फसली आहे.

याहून अवघड प्रश्न उभा करते ती ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाईंचे हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागले, आणि त्यातील विनोदाचे कौतुक सर्वांनीच केले. परंतु त्या विनोदाखाली एक हिशेब आहे. टिळक उदार, भोळे, तापट; हाती येईल ते दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे. त्यांच्या औदार्याची किंमत घरातले रिकामे डबे मोजीत. त्यांच्या धर्मांतराची किंमत म्हणून लक्ष्मीबाईंना काही वर्षे पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयाने काढावी लागली. जगाला वाटलेल्या दानाचा बोजा घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यावर पडत असेल, तर त्या दानाला काय म्हणावे? पौलाच्या बाराव्या अध्यायापाठोपाठ प्रीतीचा तेरावा अध्याय येतो, तो उगीच नव्हे. प्रीतीवाचून मोठ्यातले मोठे दानही पोकळ, हे त्याला बजावायचे होते.

लक्ष्मीबाई हा प्रश्न आरोप म्हणून विचारीत नाहीत; त्या केवळ घडले ते सांगतात. आणि सांगता सांगता लक्षात येते की, ज्या घरात एकाच्याच प्रतिभेचा बोलबाला होता, तिथे दुसरे एक कृपादान चुलीपाशी निमूट बसले होते. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या, शालेय शिक्षण नसलेल्या या बाईंनी अनाथ मुलांना सांभाळले, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, पुढे स्वतः कीर्तनेही केली. शरीराचे जे अवयव दुबळे दिसतात तेच अत्यंत आवश्यक, हे पौलाचे म्हणणे मंडळीने व्यासपीठावर पुष्कळदा ऐकले असेल. त्याचा अर्थ ‘स्मृतिचित्रां’त सापडतो.

टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनची पगारी चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. दोनच वर्षांत ते गेले. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय लिहून पुढे नेले. १९३६ मध्ये त्याही निवर्तल्या. ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. काव्यगुणांच्या दृष्टीने ‘ख्रिस्तायन’ ‘स्मृतिचित्रां’च्या पंक्तीला बसत नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि एकाचे अर्धे राहिलेले काम दुसऱ्याने आपले नाव पुढे न करता उचलावे, हा त्या ग्रंथाचा खरा आशय आहे.

‘एक चांगला कवी हातचा गेला’ ही हळहळ म्हणूनच मला पटत नाही. कवी कुठे गेलेला नाही. तो मंडळीच्या गळ्यात आहे. हळहळ करायचीच, तर ती अशी करावी की, त्या घरातले दुसरे दान ओळखायला आपल्याला, आणि कदाचित खुद्द टिळकांनाही, इतका उशीर का लागला. आपल्याही घरांत, आपल्याही कचेऱ्यांत, अशी किती दाने मोजदादीवाचून पडून असतील, याचा विचार ‘स्मृतिचित्रे’ मिटल्यावर मनातून जात नाही.