फटफटणारी बोट : खेळणे चांगले, स्पष्टीकरण अपुरे

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. नंदुरबार जिल्ह्यातले तापीकाठचे हे गाव घोडेबाजारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. घोडे पाहून झाल्यावर आमची पावले खेळण्यांच्या दुकानांकडे वळली. तेथे पाणी भरलेल्या घमेल्यात पत्र्याची छोटी बोट फटफट आवाज करीत फिरत होती. तिच्या पोटात तेलाची वात होती आणि मागे दोन बारीक नळ्या. चावी नाही, सेल नाही. आम्ही दोन बोटी घेतल्या, एक चालवण्यासाठी आणि एक उघडून पाहण्यासाठी.

पुस्तकांचे परीक्षण होते, तसे खेळण्यांचेही व्हावे. शेकडो मुले ज्यातून विज्ञान शिकू शकतात, त्या वस्तूचे गुणदोष शिक्षकांनी तपासायला नकोत काय?

आधी गुण पाहू. या बोटीत दट्ट्या नाही, झडप नाही, चाक नाही. पातळ पत्र्याची एक चपटी डबी आणि तिला जोडलेल्या दोन नळ्या, एवढेच तिचे इंजिन. नळीतून डबीत पाणी भरायचे, बोट पाण्यात सोडायची आणि खाली वात लावायची. डबीतल्या थोड्या पाण्याची वाफ होते. वाफ होताना पाणी सुमारे १६०० पट जागा मागते, म्हणून नळीतले पाणी जोराने मागे फेकले जाते. पाण्यामागून वाफ नळीच्या थंड भागात शिरते, तेथे तिचे पुन्हा पाणी होते, आतला दाब घटतो आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते. हे चक्र सेकंदाला अनेकदा चालते. डबीचा वरचा पातळ पत्रा प्रत्येक वेळी आतबाहेर होतो, त्याचाच तो फटफट आवाज. अशा बोटीचे पेटंट थॉमस पिओ यांनी १८९१ साली ब्रिटनमध्ये मिळवण्याचा प्रयत्न केला. टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडवणाऱ्या अरविंद गुप्ता यांच्या संग्रहातही ती आहे.

आता दोष. तो खेळण्यात कमी आणि आपल्या तक्त्यांत जास्त आहे. विज्ञान प्रदर्शनांत या बोटीशेजारी हमखास लिहिलेले असते : 'वाफ मागे जाते, म्हणून बोट पुढे जाते. न्यूटनचा तिसरा नियम.' एका प्रदर्शनात आठवीतल्या मुलीने विचारले, "सर, पाणी परत आत येतं, तेव्हा बोट मागे का येत नाही?" आमच्यापैकीच एकाने उत्तर दिले, "ते अभ्यासक्रमात नाही." मुलगी गप्प झाली. ती चूक आम्हाला अजून टोचते, कारण प्रश्न बरोबर होता आणि तक्ता चूक.

पहिली चूक अशी की, मागे फेकले जाते ते मुख्यतः पाणी, वाफ नव्हे. बोट चालू असताना नळीच्या तोंडाजवळ पोटॅशियम परमँगनेटचा एखादा खडा टाकून पाहावा. जांभळ्या पाण्याची धार सरळ मागे जाताना दिसेल.

दुसरी चूक मोठी आहे, कारण अर्धी गोष्टच तक्त्यावरून गाळलेली आहे. तिसरा नियम लावायचा तर आत येणाऱ्या पाण्यालाही लावला पाहिजे. तो लावून पाहू. बाहेर फेकलेले पाणी आपला संवेग घेऊन निघून जाते आणि बोटीला तेवढाच संवेग पुढच्या दिशेने मिळतो. आत येणाऱ्या पाण्याला बोट पुढे ओढते, तेव्हा तिला मागे ओढ बसते हे खरे. पण ते पाणी निघून जात नाही. नळीत व डबीत येऊन ते थांबते आणि थांबताना बोटीला पुढे ढकलते. ओढ आणि धक्का जवळजवळ फिटतात. उरतो तो फक्त बाहेरच्या धारेचा धक्का. फिनी आणि कर्ल यांनी १९६३ साली अमेरिकेतील भौतिकीच्या एका नियतकालिकात या खेळण्यावर लेख लिहिला होता. म्हणजे हा प्रश्न पोरकट नाही.

वर्गात एक सोपा प्रयोग करावा. पेटत्या मेणबत्तीसमोर थोड्या अंतरावर सरबताची नळी धरून फुंकर मारा. ज्योत विझते. त्याच अंतरावरून हवा ओढा. ज्योत जेमतेम हलते. फुंकलेली हवा धारेने एका दिशेला जाते, ओढलेली हवा चहूबाजूंनी येते. जाणे आणि येणे सारखे नसते, हे मुलांना डोळ्यांनी दिसते.

बोटीची निगा राखणे हाही एक धडाच आहे. डबीचे सांधे डाखाचे असतात. कथील-शिशाचा नेहमीचा डाख सुमारे १८३ अंश सेल्सिअसला वितळतो आणि ज्योत त्याहून कितीतरी तप्त असते. तरी सांधा टिकतो, कारण आतले पाणी पत्र्याला १०० अंशांच्या आसपास रोखते. डबी कोरडी पडली की सांधा सुटतो. म्हणून पाणी भरल्याशिवाय वात लावू नये. बोट नीट चालेनाशी झाली तर डबी पाण्यात बुडवून, एक नळी बोटाने दाबून दुसरीतून फुंकावे. बुडबुडे दिसतील तेथे गळती. खेळून झाल्यावर पाणी काढून बोट सुकवावी आणि काजळी पुसावी. वात पेटलेली असताना मात्र दोन्ही नळ्या कधीही बंद करू नयेत. कोंडलेली वाफ डबी फोडते. मोठे माणूस जवळ हवेच.

१८३३ साली मुंबईच्या अर्देशीर करसेटजी वाडियांनी 'इंडस' नावाची साठ टनी नौका बांधून तिच्यात वाफेचे इंजिन बसवले. १८४१ साली ते रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. वाफ त्यांनी केवळ वाचली नाही, हाताने हाताळली.

आपल्याच जिल्ह्यात नर्मदाकाठी मणिबेलीसारख्या गावांतली मुले होडीतून ये-जा करतात. वल्हे पाण्यात मारून मागे रेटले की होडी पुढे जाते आणि परत आणताना ते पाण्याबाहेर उचलायचे असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. ही बोट वल्हे उचलत नाही, तरी पुढे कशी जाते? हा प्रश्न त्यांना विचारून पाहावा. तक्ता त्यानंतर लिहावा, आणि जमल्यास मुलांकडूनच लिहून घ्यावा.