गोंगाटाचे दप्तर

ज्या कलेने सुबकतेला, जतनाला आणि अभिजाततेच्या साऱ्या दाव्यांना पाठ फिरवून आपला संसार मांडला, तिचेच पन्नास तबकड्यांचे दप्तर बांधले जावे आणि त्या दप्तराची वाट पाहण्यात तिच्या रसिकांनी वर्षे घालवावीत, ही घटना वरवर पाहता विनोदी वाटते. जपानी 'नॉइझ' संगीताविषयी गंभीरपणे लिहिणारेही हा विनोद अधूनमधून करतात. मला त्यात विनोदापेक्षा निराळे काही दिसते. वाट पाहणे हे या कलेच्या बाहेरचे, केवळ ग्राहकाच्या हौसेचे कृत्य आहे, ही समजूतच तपासून पाहण्याजोगी आहे.

प्रथम घटना सांगतो. मासामी अकिता (जन्म १९५६) हे टोकियोचे कलावंत १९७९ पासून 'मेर्त्सबाउ' या नावाने ध्वनिरचना करीत आले आहेत. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील 'एक्स्ट्रीम' या ध्वनिमुद्रण-संस्थेने 'मेर्त्सबॉक्स सॅम्पलर' नावाची एकच तबकडी काढली. पुढे येणाऱ्या एका प्रचंड संचाची ती वानगी होती. संच प्रत्यक्ष हाती आला तो २००० साली: पन्नास तबकड्या, त्यांतील तीस पूर्वी प्रसिद्ध होऊन दुर्मीळ झालेल्या मुद्रणांच्या, वीस पूर्वी कधीच प्रसिद्ध न झालेल्या, कालावधी १९७९ ते १९९७, प्रती एक हजार. सोबत एक ग्रंथ, एक पदक, काही चित्रपत्रे आणि हे सारे सामावणारी काळ्या रबराची पेटी. वानगी आणि संच यांच्यामध्ये तीन वर्षे गेली. त्या तीन वर्षांत रसिकांजवळ होती ती एक तबकडी आणि हाती न आलेल्या पन्नासांची कल्पना. ज्यांनी एखाद्या कवीच्या समग्र कवितेची घोषणा वाचली आणि पुढे ग्रंथ येईपर्यंत त्या घोषणेवरच दिवस काढले, त्यांना ही अवस्था परकी वाटणार नाही.

येथे शब्दाची एक अडचण नोंदवितो. अनुवादकाला ती टाळता येत नाही. जपानी भाषेत गोंगाटाला 'सोओन' असा शब्द आहे. तो कारखान्यांच्या, रस्त्यांच्या, शेजाऱ्यांच्या उपद्रवाचा शब्द होय. कलाप्रकारासाठी मात्र जपानी कलावंतांनी तो घेतला नाही. इंग्रजी शब्दाचेच 'नोइझु' असे रूप त्यांनी रूढ केले. म्हणजे जो शब्द तक्रारीसाठी होता तो तक्रारीसाठीच राहिला. मराठीत 'गोंगाट' म्हटले की त्यात माणसांचे अनेक आवाज ऐकू येतात. 'खडखडाट' म्हटले की लोखंड. 'खरखर' म्हटले की जुना रेडिओ. आणि 'कल्लोळ' म्हटले की लाटा व भावना उसळू लागतात. मेर्त्सबाउच्या रचनेत यांपैकी पहिल्या तिन्ही गोष्टी सापडतात, पण तिघींचे मिळून एक नाव आपल्याजवळ नाही. म्हणून शीर्षकात 'गोंगाट' ठेवून लेखात मी 'नॉइझ' हाच शब्द वापरीत आहे.

नॉइझला पूर्वज नव्हते असे नाही. इटालियन चित्रकार लुइजी रुस्सोलो यांनी १९१३ च्या आपल्या जाहीरनाम्यात गोंगाटाला कलेचे द्रव्य म्हणून मान्यता मागितली आणि त्यासाठी खास वाद्येही बनविली. ती पुढे महायुद्धात नष्ट झाली. अकितांनी आपले नाव घेतले ते कुर्ट श्विटर्स या जर्मन कलावंताच्या कृतीवरून. श्विटर्स यांनी हानोव्हर येथील आपल्या घरातच टाकाऊ वस्तूंची एक वाढत जाणारी वास्तुरचना उभी केली होती. 'मेर्त्स' हा शब्द त्यांनी एका बँकेच्या जाहिरातीतील 'कोमेर्त्स', म्हणजे व्यापार, या शब्दातून कात्रीने कापून काढलेला होता. ती वास्तू १९४३ च्या बॉम्बवर्षावात गेली. नॉर्वेमध्ये त्यांनी आरंभिलेली दुसरी १९५१ साली जळाली. ज्या कलावंताने अशा न उरलेल्या घराचे नाव धारण केले, त्याच्या कृतींचे जतन पन्नास तबकड्यांत व्हावे यातील अर्थ संच काढणाऱ्यांच्या ध्यानात आला नसेल असे मला वाटत नाही.

या संचाविरुद्ध जो आक्षेप घेतला जातो तो बलवान आहे. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ जाक अताली यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात असे दाखविले की, ध्वनिमुद्रणाच्या युगात माणसे ऐकण्यासाठी वेळ मिळेल त्याहून अधिक संगीत विकत घेतात. घेतली जाते ती ऐकण्याची भावी शक्यता. साठविला जातो तो दुसऱ्याचा वेळ. या कसोटीवर मेर्त्सबॉक्स हे साठेबाजीचे टोकाचे उदाहरण ठरते. एकेक तबकडी सुमारे तासाभराची धरली तरी दोन अहोरात्र पुरेल इतका हा ध्वनी आहे, आणि तोही असा की कित्येकांना त्याची दहा मिनिटे सोसत नाहीत. त्यावर पॉल हेगर्टी यांचा २००७ च्या ग्रंथातील विचार जोडला, म्हणजे नॉइझ स्वीकारला गेला की त्याचे संगीत होते आणि त्याचा नकार तेथेच निष्फळ ठरतो हा विचार, की खटला पुरा झाला असे वाटते. रबराच्या पेटीत क्रमांक घालून ठेवलेला नकार हा कसला नकार?

हा खटला चालतो तो एका गृहीतावर: आधी कलावंत, मग कृती, मग संग्राहक. जपानी नॉइझचा इतिहास या क्रमाने घडलेला नाही. महायुद्धोत्तर जपानमध्ये परदेशी ध्वनिमुद्रिका महाग होत्या. त्या ऐकण्यासाठी लोक 'जाझ किस्सा' म्हणविल्या जाणाऱ्या लहान उपाहारगृहांत जात. तेथे मालकाचा संग्रह वाजे आणि गिऱ्हाइके गप्प बसून ऐकत. याच परंपरेतील, पण अधिक मोकळी, 'ड्रगस्टोअर' नावाची एक जागा सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस क्योतो शहरात होती. डेव्हिड नोव्हॅक यांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'जॅपनॉइझ' या ग्रंथात तिचे महत्त्व उलगडून दाखविले आहे. युरोप-अमेरिकेतील आडवळणाच्या मुद्रिका हुडकणारे तरुण तेथे जमत. जोजो हिरोशिगे त्यांपैकी एक. १९७९ साली क्योतोत स्थापन झालेला त्यांचा 'हिजोकाइदान' हा संघ जपानी नॉइझचा एक उगम मानला जातो. या नावाचा अर्थ आहे संकटकाळी बाहेर पडण्याचा जिना. म्हणजे ज्यांनी ही कला निर्माण केली ते आधी श्रोते होते, संग्राहक होते, दूरच्या मुद्रिकांची वाट पाहणारे होते. ती दूरची मुद्रिका कशी असेल याची कल्पना करता करता त्यांनी स्वतः काहीतरी वाजविले. कल्पनेतील मुद्रिका प्रत्यक्ष मुद्रिकेपेक्षा नेहमीच अधिक भयंकर असते. नॉइझच्या आत्यंतिकतेचे एक मूळ मला येथे दिसते.

हे लक्षात घेतले की १९९७ ते २००० या काळात संचाची वाट पाहणारा रसिक कलेच्या आरंभबिंदूवरच उभा असलेला दिसतो. फरक इतकाच की आता दूरचा प्रदेश जपान हा होता आणि वाट पाहणारे बव्हंशी अमेरिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियात होते. नोव्हॅक यांनी या येरझाऱ्यांनाच नॉइझचे घटकद्रव्य मानले आहे, आणि त्यांच्या ग्रंथातील हा भाग मला सर्वांत पटलेला आहे.

तथापि एवढ्याने संचाचे समर्थन होत नाही; फार तर रसिकाचे होते. संच ऐकून काय मिळते हा प्रश्न उरतोच. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या तीन नियमांवर कलाकृतीची लय उभी केली. मराठी समीक्षकाला ही कसोटी सहज हाताशी येते. ती मेर्त्सबाउच्या एका रचनेला, समजा १९९६ च्या 'पल्स डीमन'मधील कोणत्याही रचनेला, लावून पाहावी. ध्वनीचे सारे पट्टे एकदमच भरलेले. मौन नाही, म्हणून विरोधाला पार्श्वभूमी नाही. तोल सांभाळण्यासाठी दोन पारडी हवीत, येथे एकच. काही मिनिटांनी कान त्या भिंतीत भेगा शोधू लागतो हे खरे, पण त्या भेगा रचनेत किती आणि कानाच्या थकव्यात किती, हे सांगणे कठीण. एकेकट्या रचनेपुरती कसोटी निरुत्तर राहते.

संचात मात्र ती बोलू लागते. 'ओम इलेक्ट्रिक' ही संचातील पहिली तबकडी १९७९ ची. तिच्यापासून पुढे येत राहिले की भंगार घासल्याचे, ध्वनिफितींच्या तुकड्यांचे, बिघडलेल्या वाद्यांचे आवाज भेटतात. त्यांत अजून अंतरे आहेत, हात दिसतो, वस्तू ओळखू येते. नव्वदीच्या दशकात वस्तू नाहीशी होते आणि विद्युत्‌प्रवाह स्वतःलाच गिळून परत ओकतो तो घनदाट नाद सर्वत्र भरतो. विरोधाचा नियम रचनेच्या आत लुप्त झालेला होता. तो वर्षावर्षांच्या मध्ये प्रकट होतो. मर्ढेकरांचा विचार एका कलाकृतीपुरता होता, समग्र निर्मितीला तो लावणे ही मी घेतलेली मोकळीक आहे, याची मला जाणीव आहे. पण ज्या कलावंताच्या एका कृतीचे दुसरीपासूनचे निराळेपण एकेकटे ऐकून सिद्धच होत नाही, त्याच्या बाबतीत संच हाच कलाकृतीचा सर्वांत लहान घटक असू शकेल. रसिक वाट पाहत होते ती या दृष्टिक्षेपाची. शिवाय योगायोग असा की, संच निघाला त्याच सुमारास अकिता जुनी उपकरणे बाजूला ठेवून संगणकाकडे वळले. म्हणजे दप्तर बांधले गेले तेव्हा त्यातील युग संपतच आलेले होते.

आता संपादनाचा प्रश्न. साहित्याच्या वाचकाला खरे कुतूहल येथे वाटावे, आणि नॉइझविषयीच्या लेखनात त्याची चर्चा मला पुरेशी आढळत नाही. भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमागे एक विश्वास आहे: लेखकाचा पाठ आणि लेखनिकाचा प्रमाद यांत भेद करता येतो. ऐंशीच्या दशकातील नॉइझ प्रामुख्याने कॅसेटींवर, घरच्या घरी प्रती काढून, टपालाने देवघेव होत पसरला. अकितांच्या आरंभीच्या कॅसेटी अशाच गेल्या, त्यांना चिकटविलेल्या कात्रणचित्रांसह. अशा कॅसेटीवरची फितीची सूं, प्रतीवरून प्रत काढताना आलेली विकृती, भरपूर आवाजामुळे फुटलेली कड यांतील प्रमाद कोणता आणि पाठ कोणता? नव्या प्रतीसाठी ध्वनी 'स्वच्छ' करणारा तंत्रज्ञ नेमके काय पुसून टाकतो? इतर संगीतात ही सूं निःसंशय बाहेरची असते. येथे ती कलावंताने मागितलेलीही असू शकते, किंवा आयती मिळाली आणि त्याने ठेवून घेतलेलीही असू शकते. पाठचिकित्सेचा पायाच जेथे टिकत नाही, तेथे संपादकाला कलावंताच्या इच्छेवर विसंबावे लागते. आणि वीस वर्षांनंतरची इच्छा ही पहिल्या दिवसाची इच्छा असतेच असे नाही. जुनी कॅसेट जवळ असलेला रसिक संच येताच दोन्ही ताडून पाहतो. हे वेड म्हणून हसण्यावारी नेले जाते. मी त्याला पाठभेदाची नोंद म्हणेन. ती कोणीतरी केलीच पाहिजे.

जे कोणत्याही संचात येणार नाही त्याचा हिशेब थोडक्यात देता येतो. हिजोकाइदानच्या आरंभीच्या प्रयोगांत रंगमंचावर जी घाण आणि फेकाफेक होई, तिचा वास तबकडीवर नाही. यामात्सुका आय यांनी १९८५ साली टोकियोच्या एका सभागृहात 'हानातराश' या आपल्या संघाच्या प्रयोगात मंचावर खोदकामाचे यंत्र घातले. त्या रात्रीची छायाचित्रे फिरतात. धक्का फिरत नाही. कॅसेट कोणाला पाठवावी आणि उत्तरादाखल कोणाची यावी, हा जो पत्रमैत्रीचा व्यवहार होता त्याची जागा किंमत आणि प्रतसंख्या यांनी घेतली, हेही नुकसानच. श्विटर्स यांनी कापून टाकलेला 'कोम' हा अर्धा शब्द येथे परत येऊन चिकटला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे असे संच आणखी निघाले. तोशिजी मिकावा आणि फुमिओ कोसाकाइ यांच्या 'इन्कॅपॅसिटंट्स' या जोडीचा दहा तबकड्यांचा संच २००९ साली नॉर्वेतील 'पिका डिस्क' या लहानशा संस्थेने प्रसिद्ध केला. मिकावा दिवसा बँकेत नोकरी करीत आणि कोसाकाइ सरकारी कचेरीत. त्यांच्या दुर्मीळ ध्वनिफिती त्यात एकत्र केलेल्या आहेत. संचाचे नाव त्यांनी ठेवले 'बॉक्स इज स्टुपिड'. ही जोडी आक्षेपकांच्या आधीच आक्षेप घेऊन मोकळी झाली, आणि संच तरीही काढला. या नावाचा मराठी अनुवाद मात्र मला साधलेला नाही. 'पेटी मूर्ख आहे' असे म्हटले तर आपल्याकडील गायक मंडळी तो संवादिनीवरचा अभिप्राय समजतील, आणि काहींना तो मान्यही होईल.