मार्क लेव्हिन्सन यांचा ‘द बॉक्स’ : मिश्र मालाच्या सागरी वाहतुकीच्या दृष्टीने एक चिकित्सा

सारांश : कंटेनरमुळे सागरी मालवाहतूक स्वस्त व जलद झाली, हे मार्क लेव्हिन्सन यांच्या ‘द बॉक्स’ या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन आहे. प्रस्तुत लेखात हे प्रतिपादन नाकारलेले नाही. त्याच्या मर्यादा तपासल्या आहेत. कंटेनरने नानाविध जिन्नस एकत्र नेण्याचा प्रश्न सोडवला. परंतु अनेक मालकांचा थोडाथोडा माल एकत्र नेण्याचा प्रश्न धक्क्यावरून गोदामात व कागदपत्रांत हलवला. हे स्थलांतर ग्रंथाच्या मांडणीत पुरेसे दिसत नाही, असे येथे दाखवून देण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : कंटेनर, मिश्र माल, एकत्रीकरण, बिल ऑफ लेडिंग, लघुनिर्यातदार.

प्रस्तावना

अर्थतज्ज्ञ व पत्रकार मार्क लेव्हिन्सन यांचा हा ग्रंथ २००६ मध्ये प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. २०१६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. एका साध्या धातूच्या डब्याचा इतिहास सांगता सांगता बंदरे, कामगार संघटना, मानकीकरण, युद्ध आणि जागतिक व्यापार यांची सांगड घालणारा हा ग्रंथ वाणिज्य, अर्थशास्त्र व भूगोल या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना उपयुक्त आहे. मात्र त्यातील आकडे वर्गात जसेच्या तसे सांगितले, तर विद्यार्थ्यांचा असा समज होतो की, १९५६ नंतर मालाची मोजदाद, हाताळणी व वर्गवारी संपुष्टात आली. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले होते, “मग आता पेट्या मोजतो कोण?” या चिकित्सेची सुरुवात त्या प्रश्नातून झाली.

‘वॉरियर’ची नोंद

कंटेनरपूर्व काळाचे चित्र उभे करण्यासाठी लेखकाने ‘वॉरियर’ या मालवाहू जहाजाच्या १९५४ मधील प्रवासाचा आधार घेतला आहे. अमेरिकी लष्कराचा माल घेऊन हे जहाज ब्रुकलिनहून जर्मनीतील ब्रेमरहाफेन येथे गेले. खाद्यपदार्थ, लष्करी भांडारांतून विकावयाच्या वस्तू, घरगुती सामान, टपाल, यंत्रांचे सुटे भाग अशा ५,०१५ लाँग टन मालात १,९४,५८२ नग होते. हा माल अमेरिकेतील १५१ शहरांतून १,१५६ स्वतंत्र खेपांनी गोदीत आला होता. अटलांटिक ओलांडण्यास साडेदहा दिवस लागले. पण पहिली खेप मूळ ठिकाणाहून निघाल्यापासून शेवटचा नग मुक्कामी पोहोचेपर्यंत ९५ दिवस गेले. एकूण २,३७,५७७ डॉलर खर्चापैकी प्रत्यक्ष सागरी प्रवासाचा वाटा अवघा ११.५ टक्के होता. खर्च समुद्रावर नसून धक्क्यावर होतो, हा निष्कर्ष या आकड्यांतून निर्विवादपणे निघतो.

या नोंदीतील वर्गवारीही बोलकी आहे. खोकी ७४,९०३, पुठ्ठ्याची खोकी ७१,७२६, पोती २४,०३६, पिंपे १,५३८ अशी यादी देताना १,५२५ नगांची नोंद ‘प्रकार अनिश्चित’ अशी केलेली आहे. मोजणाऱ्याने हे नग मोजले, परंतु त्यांना नाव देता आले नाही. मिश्र मालाचा प्रश्न या एका ओळीत सामावलेला आहे.

तथापि, या उदाहरणाची एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. ‘वॉरियर’वरील माल मिश्र होता, पण तो पाठवणारी व वाहतुकीचा खर्च उचलणारी यंत्रणा मुख्यतः एकच, म्हणजे अमेरिकी लष्कर होती. जिन्नस अनेक, मात्र पाठवणारा एक, अशी ही स्थिती आहे. व्यापारी सागरी वाहतुकीत जिन्नसही अनेक असतात आणि मालकही अनेक. या दोन प्रश्नांतील भेद ग्रंथात ठळक झालेला नाही, हा प्रस्तुत लेखाचा पहिला आक्षेप आहे.

१५.८ सेंटचा अर्थ

२६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल-एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. सुटा माल जहाजावर चढवण्यास त्या काळी टनामागे ५.८३ डॉलर खर्च येई. ‘आयडियल-एक्स’वर तोच खर्च १५.८ सेंट असल्याचा हिशेब माल्कम मॅक्लीन यांच्या तज्ज्ञांनी मांडला. कंटेनरविषयी लिहिताना हे आकडे वारंवार दिले जातात.

परंतु हा खर्च भरलेला कंटेनर जहाजावर चढवण्याचा आहे. कंटेनर भरण्याचा व रिकामा करण्याचा खर्च त्यात नाही. एकाच कारखान्यातून पूर्ण कंटेनर भरून निघत असेल, तर हा फरक गौण ठरतो. मात्र ज्याच्याकडे दोन-तीन घनमीटरच माल आहे, त्याला पूर्ण कंटेनर घेणे परवडत नाही. वीस फुटी कंटेनरची अंतर्गत क्षमता सुमारे ३३ घनमीटर असते. अशा व्यापाऱ्याचा माल कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये जातो. तेथे खोके मोजले जाते, लांबी-रुंदी-उंची घेतली जाते, टनाप्रमाणे व घनमीटरप्रमाणे येणाऱ्या आकारणींपैकी जी अधिक होईल ती लावली जाते. जड माल खाली, हलका वर; मसाल्याच्या पोत्यांशेजारी चहा ठेवायचा नाही, असे निर्णय तेथील माणसेच घेतात. मुक्कामी पुन्हा हीच क्रिया उलट क्रमाने होते. ‘वॉरियर’च्या पोटात चालणारे काम येथे छपराखाली चालते. भिजणे, चोरी व जहाजाचा खोळंबा यांत मोठी बचत झाली, हे मान्यच केले पाहिजे. पण काम नाहीसे झाले, असे म्हणता येत नाही.

मुंबई परिसरात या स्थलांतराचा भूगोलही दिसतो. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि मुंबईच्या गोद्यांतील कंटेनरचा ओघ खाडीपलीकडे गेला. त्यापाठोपाठ उरण-पनवेल पट्ट्यात फ्रेट स्टेशने व गोदामे उभी राहिली. न्यूयॉर्कच्या गोदी कामगारांच्या लढ्याला लेव्हिन्सन यांनी न्याय दिला आहे; परंतु धक्क्यावरून गेलेली मोजदाद ज्या नव्या हातांत गेली, ते हात त्यांच्या कथनात क्वचितच येतात.

कागदावरील मोजदाद

दुसरा आक्षेप कायद्याच्या अंगाने आहे. १९२४ च्या हेग नियमांनुसार वाहकाची जबाबदारी प्रत्येक नगामागे मर्यादित केली आहे. कंटेनर आल्यावर ‘नग’ म्हणजे काय, हा प्रश्न उभा राहिला. १९६८ च्या हेग-व्हिस्बी सुधारणेने उत्तर दिले : आतील नगांची संख्या बिल ऑफ लेडिंगमध्ये नमूद असेल तर तितके नग, नसेल तर अख्खा कंटेनर हाच एक नग. याच सुधारणेने वजनावर आधारित पर्यायी मर्यादाही दिली. परंतु हलक्या पण मौल्यवान मालाला तिचा फारसा उपयोग नसतो. भारताने १९२५ चा सागरी मालवाहतूक कायदा २०२५ मध्ये नव्या कायद्याने बदलला असला, तरी कागदावर काय लिहिले आहे, या प्रश्नाचे महत्त्व कमी झालेले नाही.

वाहकाने आतील माल पाहिलेला नसतो. म्हणून बिलावर ‘पाठवणाऱ्याच्या सांगण्यानुसार’ अशा अर्थाचा शेरा पडतो. एकत्रित कंटेनरमध्ये तर दोन बिले असतात : जहाज कंपनीने एकत्रीकरण करणाऱ्याला दिलेले मास्टर बिल आणि त्याने प्रत्येक मालकाला दिलेले हाउस बिल. जहाजाच्या लेखी एक कंटेनर. मालकाच्या लेखी त्याची बारा खोकी. ‘वॉरियर’ची १,९४,५८२ नगांची एकसंध यादी अशा रीतीने दुभंगली आहे.

मालक एकच असला, तरी मिश्र मालाचे कागदी ओझे कमी होत नाही. परदेशातील भारतीय किराणा दुकानांसाठी पापड, लोणची, मसाले, पूजासाहित्य व स्टीलची भांडी यांचा एकच कंटेनर भरणाऱ्या निर्यातदाराला प्रत्येक वस्तूचे सीमाशुल्क वर्गीकरण स्वतंत्रपणे करावे लागते. अमेरिकेत तर डिसेंबर २००३ पासून आयात खाद्यपदार्थांची पूर्वसूचना देणे बंधनकारक आहे. ज्यावर एकच वस्तू लिहिलेली आहे, असा कंटेनर आणि ज्याच्या यादीत दोनशे ओळी आहेत, असा कंटेनर हे क्रेनला सारखेच, कार्यालयाला नव्हेत.

सामायिक जोखीम

मिश्र मालकीचा खरा अर्थ संकटात कळतो. एका खेपेच्या कागदपत्रांत त्रुटी निघाली, तर त्याच कंटेनरमधील इतरांचा मालही अडकू शकतो. २३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात रुतले, २९ मार्चला ते सुटले; पण जुलैपर्यंत ते इजिप्तमध्येच अडकून होते. त्यावर सुमारे १८,००० कंटेनर होते. जहाजमालकाने ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर केल्याने, जहाज वाचवण्याच्या खर्चात मालाच्या मूल्याच्या प्रमाणात वाटा देण्याची हमी मालकांना द्यावी लागली. ज्याने विमा उतरवलेला असतो, त्याच्या वतीने ही हमी विमा कंपनी देते; विमा नसलेल्या लहान व्यापाऱ्याला पदरची रोकड ठेवावी लागते. ही घटना ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीनंतरची असल्याने तिचा अभाव हा ग्रंथाचा दोष नव्हे. परंतु ग्रंथाची मांडणी कोठे अपुरी पडते, हे तिच्यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

‘द बॉक्स’ हा मोलाचा ग्रंथ आहे. सागरी भाड्याची ऐतिहासिक आकडेवारी विश्वासार्ह नाही, हे लेखकाने प्रांजळपणे मान्य केले आहे आणि कंटेनरचा परिणाम केवळ भाड्यावर न मोजता उत्पादनाच्या जागतिक रचनेवर मोजला आहे. तथापि, त्यांची दृष्टी पूर्ण कंटेनर भरू शकणाऱ्याची आहे. अर्धा कोपरा भरणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर कंटेनर हा खर्चाचा शेवट नसून खर्चाचे नवे वाटप आहे.

आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारे बहुसंख्य विद्यार्थी जहाज कंपन्यांचे मालक होणार नाहीत. त्यांतील काही फ्रेट स्टेशनमध्ये नोंदी ठेवतील, काही फॉरवर्डरच्या कार्यालयात बिले तयार करतील, काही स्वतःचा लहानसा माल परदेशी पाठवतील. १५.८ सेंटचा आकडा शिकवताना त्यात काय मोजलेले नाही, हेही त्यांना सांगितले पाहिजे. पेट्या आजही कोणीतरी मोजतो. तो कोण, कोठे आणि कोणाच्या खर्चाने मोजतो, हा प्रश्न अभ्यासक्रमात आणणे ही अध्यापकांची जबाबदारी आहे.